वृद्ध स्त्रियांची संधिवेदना : चिकित्सेपूर्वी औषधांची पिशवी पाहावी

वार्धक्य हा वातप्रकोपाचा काळ होय. त्यातच रजोनिवृत्तीनंतर अस्थिधातूचा क्षय वेगाने होतो. त्यामुळे गुडघेदुखी व कंबरदुखी घेऊन येणाऱ्या रुग्णांत वृद्ध स्त्रिया पुष्कळ असतात. संधिगत वाताचे निदान करून योगराज गुग्गुळ व महारास्नादि काढा लिहून देणे आपल्या अंगवळणी पडले आहे. तथापि रुग्णा आधीपासून काय घेत आहे, हे पाहिल्याविना नवे औषध देऊ नये, असे आम्ही आग्रहाने सांगू इच्छितो.

मध्यंतरी आमच्याकडे सत्तरीच्या एक आजी आल्या. गुडघेदुखीसाठी त्या वर्षभर ‘आयुर्वेदिक’ म्हणून मिळालेल्या पुड्या घेत होत्या. पुडीवर ना घटक, ना परवाना क्रमांक. पहिल्याच दिवशी दुखणे थांबल्याचे त्या कौतुकाने सांगत. मात्र चेहरा गोल फुगलेला, त्वचेवर निळसर डाग आणि रक्तशर्करा वाढलेली. पुडीत स्टिरॉइड असावे, अशी आम्हांस शंका आली.

अशा वेळी पुडी तत्काळ बंद करण्याचा मोह होतो. परंतु दीर्घकाळ स्टिरॉइड घेतल्याने अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावते. अचानक खंड पडल्यास उलट्या, ग्लानी व रक्तदाब उतरणे अशी प्राणघातक अवस्था ओढवू शकते. आम्ही आजींना त्याच दिवशी एम.डी. डॉक्टरांकडे पाठविले. त्यांनी मोजक्या मात्रेत स्टिरॉइड देऊन ते क्रमाक्रमाने उतरविले. क्ष-किरण चित्रात कमरेचा एक मणका दबलेला आढळला. तेथे जोराचे मर्दन झाले असते तर अनर्थ ओढवला असता.

म्हणून पुढील गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात :

१. घरातील सर्व औषधे पिशवीत घालून आणावयास सांगावे. दोन ठिकाणची वेदनाशामके एकत्र घेतली जात असल्यास वृक्क व आमाशय यांस अपाय होतो.

२. गुग्गुळामुळे प्रोप्रॅनोलॉल व डिल्टियाझेम यांचे रक्तातील प्रमाण घटते; ही औषधे चालू असल्यास विशेष सावध राहावे.

३. अचानक उद्भवलेल्या कंबरदुखीत अस्थिभंगाची शंका फिटेपर्यंत मर्दन करू नये.

४. सामावस्थेत स्नेहन टाळून वालुकास्वेद व शुंठी योजावी. निरामावस्थेत मृदू अभ्यंग करावा.

औषधविक्रेते बंधूंनीही घटक, परवाना व बॅच क्रमांक नसलेला माल दुकानात ठेवू नये. आपल्या औषधांनी आराम सावकाश पडतो, हे रुग्णेस आरंभीच सांगावे. जुनाट वेदना एकाच पुडीने थांबली, असे कोणी सांगितल्यास ती पुडी अवश्य मागून पाहावी.