नातवंडांसह पबमध्ये : इंग्लंडच्या खेड्यातील एक रविवार

स्विंडन हे नाव गोव्यातील अनेक घरांत आता म्हापसा-मडगावइतक्याच सहजतेने घेतले जाते. पोर्तुगीज पारपत्रावर इंग्लंडला गेलेल्या गोमंतकीयांची मोठी वस्ती या शहरात आहे आणि मुलाकडे किंवा लेकीकडे उन्हाळ्यात काही आठवडे राहून येणारे आईवडीलही कमी नाहीत. या पाहुण्यांना रविवारी कुठे न्यायचे, असा विषय निघाला की एखाद्या खेड्यातील पबमध्ये जेवायला जाण्याची सूचना पुढे येते. त्यावर आजीच्या कपाळावर आठी उमटली तर नवल नाही. नातवंडांना घेऊन दारूच्या गुत्त्यावर जायचे?

ही शंका अस्थानी नाही. मात्र ती ज्या शब्दामुळे येते त्या शब्दाचा अर्थ पाहायला हवा. ‘पब’ हा ‘पब्लिक हाउस’ या शब्दांचा संक्षेप आहे. सार्वजनिक घर, म्हणजे कोणीही यावे, बसावे असे घर. मध्ययुगात घरी एल नावाची बिअर गाळणाऱ्या स्त्रिया दाराबाहेर काठीला झुडूप बांधून माल तयार असल्याचे कळवीत. १३९३ मध्ये दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात मद्यविक्रेत्यांना पाटी लावणे सक्तीचे झाले. बहुसंख्य लोक निरक्षर असल्याने पाट्या चित्रांच्या होत्या. तांबडा सिंह, नांगर, गव्हाची पेंढी ही चित्रे आजही पबच्या दारावर लटकताना दिसतात. ‘रॉयल ओक’ या नावामागे तर इतिहासच आहे. १६५१ मध्ये वूस्टरच्या लढाईत पराभूत झालेला दुसरा चार्ल्स ज्या ओक वृक्षात लपला होता, त्याची ती आठवण.

मुलांविषयीची आजीची शंका एकेकाळी इंग्लंडच्या कायद्यालाही मान्य होती. १९०८ च्या कायद्याने १४ वर्षांखालील मुलांना बारच्या खोलीत मज्जाव केला. म्हणून जुन्या पिढीतील इंग्रजांच्या आठवणीतील पब म्हणजे बाहेरची बाग किंवा उभी केलेली मोटार, हातात लिंबाच्या पेयाची बाटली आणि वेफर्सची पिशवी. वडील आत, मुले बाहेर. २००३ च्या परवाना कायद्याने चित्र बदलले. आता प्रौढ व्यक्ती सोबत असेल तर मुलांना आत बसता येते. अमुक वाजल्यानंतर मुले नकोत, असा नियम पबचालक स्वतः करू शकतो आणि अनेक जण करतातही. दारू विकत घेण्याचे वय १८ च आहे. प्रौढांसोबत टेबलावर जेवायला बसलेल्या १६-१७ वर्षांच्या मुलांना प्रौढाने विकत घेतलेली बिअर, वाइन किंवा सायडर जेवणाबरोबर घेण्याची मुभा मात्र कायदा देतो.

स्विंडनहून दक्षिणेला सुमारे १८ किलोमीटरवर एव्हबरी आहे. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या प्रचंड शिळांचे वर्तुळ आणि त्या वर्तुळातच वसलेले गाव. शिळांमधून मेंढ्या चरतात, मुले शिळांना हात लावतात, कोणी हटकत नाही. वर्तुळाच्या आत, रस्त्याच्या कडेला गवताच्या छपराचा ‘रेड लायन’ पब उभा आहे. त्याच्या आत जुनी विहीर आहे. तिच्यावर काच बसवून तिचेच टेबल केले आहे. दिवसाची सुरुवात करण्यास यासारखी जागा शोधून सापडणार नाही.

पबमध्ये प्रथमच गेलेला भारतीय माणूस टेबलाशी बसून वेटरची वाट पाहतो, आणि पाहतच राहतो. बहुतेक ठिकाणी पेय आणि जेवण दोन्ही काउंटरवर जाऊन सांगायचे असते. काउंटरपाशी रांग दिसत नाही, पण ती असते. आपल्या आधी कोण आले हे प्रत्येकाने मनात ठेवायचे आणि आपला क्रमांक नसताना पुढे केलेला ग्लास खाली घ्यायचा. मंडळी अनेक असतील तर प्रत्येकाने आळीपाळीने सर्वांची पेये आणायची, ही ‘राउंड’ची पद्धत. फळांचा रस पिणाराही त्यातून सुटत नाही. न पिणाऱ्यांकडे कोणी वळूनही पाहत नाही, हे वडीलधाऱ्यांना मुद्दाम सांगायला हवे.

रविवारचे जेवण म्हणजे ‘रोस्ट’ : भाजलेले मांस, बटाटे, भाज्या, यॉर्कशायर पुडिंग आणि वरून ग्रेव्ही. गोमांस न खाणाऱ्यांसाठी कोंबडी, मेंढी किंवा डुकराचे मांस असते, शाकाहाऱ्यांसाठी बहुधा सुक्यामेव्याचा भाजलेला वडीसारखा पदार्थ. येथे थोडी चौकशी करणे इष्ट. यॉर्कशायर पुडिंग नावाने गोड वाटले तरी ते गोड नसते. मैदा, अंडी आणि दुधाचे पीठ कडकडीत तापलेल्या चरबीत वा तेलात ओतून ते फुलवतात. ही चरबी कित्येकदा गोमांसाची असते. ग्रेव्ही मांसाच्या अर्काची असू शकते आणि बटाट्याचे चिप्सही काही ठिकाणी चरबीत तळतात. विचारले तर स्वयंपाकघरातून सरळ उत्तर मिळते. न विचारता शाकाहारी समजून खाल्ले तर दोष कोणाचा नाही.

जेवणानंतर चालणे हा या दिवसाचा दुसरा भाग. इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे सव्वादोन लाख किलोमीटरचे सार्वजनिक मार्ग आहेत. ते शेतांतून, कुरणांतून जातात आणि त्यांवरून चालण्याचा हक्क कायद्याने राखलेला आहे. स्विंडनच्या पूर्वेस अफिंग्टनच्या टेकडीवर खडूच्या पांढऱ्या मातीत कोरलेला, सुमारे ११० मीटर लांबीचा आणि तीन हजार वर्षांपूर्वीचा घोडा आहे. त्याच्या पायथ्याशी वूलस्टन गावात जो पब आहे त्याचे नावही ‘व्हाइट हॉर्स’. चिखलाचे बूट आणि सोबतचा कुत्रा यांना अशा पबमध्ये सहसा अटकाव नसतो.

पबची खरी परीक्षा तळघरात असते. परंपरागत एल पिंपात भरल्यानंतरही आंबत राहते, कारण यीस्ट जिवंत असते. ती ११ ते १३ अंश तापमानात ठेवतात आणि हाताच्या पंपाने वर खेचतात. ‘इंग्रज कोमट बिअर पितात’ ही थट्टा येथून आली. पिंप एकदा उघडले की हवा आत शिरते आणि साधारण तीन दिवसांत चव बिघडू लागते. गिऱ्हाईक कमी झाले की बिअर शिळी होते आणि बिअर शिळी झाली की उरलेले गिऱ्हाईकही जाते. कारखान्यातील निर्जीव बिअरच्या लाटेत ही एल बुडू नये म्हणून १९७१ मध्ये चार तरुणांनी ‘कॅमरा’ ही ग्राहक चळवळ सुरू केली. एल टिकली, पबचे मात्र तसे म्हणता येत नाही. या शतकाच्या आरंभी ब्रिटनमध्ये साठ हजारांच्या आसपास पब होते, आज ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत.

कारणे अनेक. मद्यपान करून वाहन चालवण्यावर १९६७ च्या कायद्याने निश्चित मर्यादा आणली. ती योग्यच होती. पण बस नसलेल्या खेड्यातील पबचे संध्याकाळचे गिऱ्हाईक त्यामुळे घटले. सुपरमार्केटमधील बिअर स्वस्त, इंधन महाग. शिवाय मालकीचा गुंता. बरेच पब पूर्वी मद्य बनवणाऱ्या कंपन्यांचे होते आणि चालकाला त्याच कंपनीचा माल घ्यावा लागे. स्विंडनची १८४३ पासूनची ‘आर्केल्स’ आजही आपले पब बाळगून आहे. १९८९ मध्ये सरकारने बड्या कंपन्यांच्या पबसंख्येवर बंधने आणली, तेव्हा हजारो पब मद्य न बनवणाऱ्या मालमत्ता कंपन्यांकडे गेले. त्यांपैकी अनेकींना पबपेक्षा त्याखालच्या जमिनीत अधिक रस होता, असे म्हणणे फारसे अन्यायाचे ठरणार नाही.

ऑगस्ट २०२३ मध्ये स्टॅफर्डशायरमधील ‘क्रूकेड हाउस’ या पबला, विक्रीनंतर काही दिवसांतच, आग लागली आणि दोनच दिवसांत उरलेली इमारत पाडली गेली. खाणकामामुळे जमीन खचून तिरकी झालेली अठराव्या शतकातील ही वास्तू पाहायला लोक लांबून येत. स्थानिक परिषदेने ती पूर्ववत बांधण्याचा आदेश दिला.

काही गावे अशी वेळ येण्याआधीच उभी राहिली. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट येथील ‘ओल्ड क्राउन’ हा पब २००३ मध्ये गावकऱ्यांच्या सहकारी संस्थेने विकत घेतला. ब्रिटनमधील असा पहिला पब म्हणून तो ओळखला जातो. २०११ च्या कायद्यानुसार गावाला आपल्या पबची ‘सामुदायिक मूल्याची मालमत्ता’ म्हणून नोंद करता येते. मालकाने तो विकायला काढला तर पैसे उभारण्यासाठी गावाला सहा महिन्यांपर्यंत अवधी मिळतो. काही पबमध्ये आता टपाल कार्यालय आणि किराणाही चालतो, कारण गावातले दुकान आधीच बंद पडलेले असते.

अशा खेड्यातील पबला आज बिअरपेक्षा जेवणाचा आधार मोठा आहे आणि रविवारची दुपार ही त्याची आठवड्याची सुगी. म्हणून टेबल आधी राखून ठेवावे. स्वयंपाकघर दुपारी अडीच-तीनला बंद होऊ शकते. कित्येक पब सोमवारी उघडतच नाहीत. आणि रविवारी खेड्यांत बस विरळच असल्याने गाडी चालवणाऱ्याने बिअरचा मोह घरी येईपर्यंत आवरावा.