अंगावरून वारं जातं म्हणजे काय?

आपल्या खेडेगावात एक बोलणे नेहमी कानावर येते. "अमक्याच्या अंगावरून वारं गेलं." काल शेतात राबणारा, चालता-बोलता माणूस आज अंथरुणाला खिळतो. त्याचा एक हात उचलत नाही. एक पाय जड होतो. तोंड वाकडे होते. बोलणे कळत नाही. यालाच कोणी लकवा म्हणतात. पुस्तकात त्याला पक्षाघात म्हणतात.

हे वारे येते कुठून? कोणी म्हणतो, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतो, गार वारा लागला. कोणी म्हणतो, वय झालं, चालायचंच! मंडळी, बाधेने किंवा वाऱ्याने लकवा होत नाही. आणि वय झाले म्हणजे तो व्हायलाच पाहिजे, असेही नाही. खरे कारण समजून घेऊ या. कारण कळले म्हणजे पुष्कळदा हे संकट टाळता येते.

बिघाड डोक्यात असतो

हात हलत नाही म्हणून आपण हाताला तेल चोळतो. पण हात चांगलाच असतो. बिघाड मेंदूत झालेला असतो. मेंदू आपल्या डोक्यात आहे. हाताला "ऊठ", पायाला "चाल", जिभेला "बोल" असा हुकूम मेंदू देतो. या कामासाठी त्याला सारखे रक्त लागते. ते बारीक बारीक रक्तवाहिन्यांतून येते.

शेतातली ठिबकची नळी तुम्ही पाहिली असेल. तिच्यात क्षार साचला म्हणजे ती चोंदते. मग पुढच्या झाडाला पाणी मिळत नाही. झाड सुकते. कधी नळी जुनी असते आणि पाण्याचा जोर फार होतो. मग ती फुटते.

मेंदूतही असेच दोन प्रकार होतात. एक तर रक्ताची गुठळी अडकून वाहिनी बंद पडते. नाही तर वाहिनी फुटते. मेंदूच्या तेवढ्या भागाला रक्त मिळत नाही. तो भाग मरू लागतो. मेंदूची डावी बाजू उजव्या अंगाला हुकूम देते, आणि उजवी बाजू डाव्या अंगाला. म्हणून बहुधा अर्धेच अंग लुळे पडते.

रक्ताचा जोर

वाहिनी चोंदण्याचे आणि फुटण्याचे मोठे कारण एकच. रक्ताचा वाढलेला जोर. यालाच रक्तदाब म्हणतात. गावात लोक 'बीपी' म्हणतात. वय वाढते तशा रक्तवाहिन्या ताठर होतात. म्हणून म्हातारपणी रक्तदाब वाढण्याचा संभव जास्त. मधुमेह आणि तंबाखू यांनीही वाहिन्या खराब होतात.

रक्तदाब दंडाला पट्टा बांधून मोजतात. ही रीत इटलीतील डॉक्टर रिव्हा-रोची यांनी १८९६ साली काढली. मोजायला सुई टोचावी लागत नाही. दोन मिनिटांचे काम. मोजण्यापूर्वी पाच मिनिटे स्वस्थ बसावे. अर्धा तास आधी चहा, तंबाखू घेऊ नये. मोजताना बोलू नये.

मोजल्यावर बाई दोन आकडे लिहून देतात. उदाहरणार्थ, १२०/८०. हृदय आवळते तेव्हाचा जोर म्हणजे वरचा आकडा. हृदय सैल पडते तेव्हाचा जोर म्हणजे खालचा आकडा. १२०/८० च्या आसपास आकडे असले तर ठीक. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा आकडा १४० किंवा जास्त आला, अथवा खालचा ९० किंवा जास्त आला, तर रक्तदाब वाढला आहे असे समजावे आणि डॉक्टरांना भेटावे.

दवाखान्याच्या कागदावर हे आकडे बहुधा इंग्रजीत असतात. घाबरू नका. इंग्रजी आकडे शून्यापासून नऊपर्यंत दहाच आहेत. तुम्हांला आता अक्षरे येतात. हे दहा आकडे शिकायला कितीसा वेळ लागणार? नातवाला विचारा. तो हौसेने शिकवील.

दुखत नाही, मग गोळी कशाला?

रक्तदाब हा मुका आजार आहे. तो वाढला तरी बहुधा काहीच दुखत नाही. इथेच पुष्कळ माणसे फसतात. एका आजोबांचे आणि नर्सबाईंचे बोलणे ऐका.

"बाई, मी गोळी सोडली. आता मला बरं वाटतंय. डोकं दुखत नाही, चक्कर नाही."

"आजोबा, पावसाळ्यात शेताच्या बांधाला माती कधी घालता? बांध फुटल्यावर?"

"फुटल्यावर घालून काय उपेग? आधीच घालावी लागती."

"मग गोळीचंही तसंच आहे. ती दुखणं थांबवायला नाही. बांध फुटू नये म्हणून आहे. बरं वाटतंय ते गोळीमुळंच. ती सोडलीत, की जोर पुन्हा वाढणार."

आजोबांना ते पटले. तुम्हांलाही पटेल. म्हणून या गोष्टी ध्यानात ठेवा.

१. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी रक्तदाब मोजावा. गावच्या उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तो मोजतात. आशाताईंना विचारा. महाराष्ट्र शासनाने आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून मोफत केले आहेत.

२. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी. आपल्या मनाने बंद करू नये. शेजाऱ्याची गोळी घेऊ नये. गोळीने चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगावे. ते गोळी बदलून देतील.

३. अंग दुखते म्हणून दुकानातून गोळ्या आणून रोज खाऊ नयेत. दुखण्यावरच्या पुष्कळ गोळ्यांनी रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडे बिघडतात.

४. मीठ कमी खावे. दिवसभराचे सगळे मिळून चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी यांतही मीठ असते. जेवताना वरून मीठ घेऊ नये.

५. तंबाखू, विडी, मिश्री, दारू सोडावी. मिश्री म्हणजेही भाजलेली तंबाखूच.

६. रोज अर्धा तास चालावे. झोपेतून एकदम उठू नये. आधी बसावे, मग उभे राहावे.

वेळ घालवू नका

एवढे करूनही कोणाला लकवा झालाच तर? तीन खुणा पाहा. माणसाला हसायला सांगा. तोंड एका बाजूला ओढते काय? दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली पडतो काय? नाव विचारा. बोलणे अडखळते काय? यांतली एकही खूण एकाएकी दिसली, तर १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. खुणा थोड्या वेळाने गेल्या तरी दवाखान्यात न्याच. मोठा झटका पुढे येणार असल्याची ती सूचना असू शकते.

पाणी, चहा, औषध काही पाजू नका. अशा वेळी गिळता येत नाही. पाणी श्वासनळीत जाते. अंगारा-धुपारा, तेल चोळणे यांत वेळ दवडू नका. खुणा किती वाजता दिसल्या ते कागदावर लिहून घ्या.

घड्याळाला एवढे महत्त्व का? गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आहे. पण ते साडेचार तासांच्या आतच देता येते. त्याआधी डोक्याचा फोटो काढून गुठळी आहे की वाहिनी फुटली आहे, ते पाहावे लागते. म्हणून ज्या दवाखान्यात हा फोटो निघतो, तिथेच न्यावे. त्यालाच सीटी स्कॅन म्हणतात. मोठा दवाखाना आपल्या गावापासून किती दूर आहे, याचा हिशेब आजच करून ठेवा.

घरात म्हातारी माणसे असतील, तर त्यांचा कागद आज काढा. त्यावरचे आकडे वाचा. कागद नसेल, तर त्यांना घेऊन उपकेंद्रात जा. आणि तुमचेच वय झाले असेल, तर स्वतःचा कागद स्वतः वाचा. एका वहीत तारीख आणि दोन आकडे लिहून ठेवा. दर महिन्याला पुढची ओळ लिहा.