माशाच्या अंगावर लाल चट्टे? औषध टाकण्याआधी फोन काढा

भडगाव-पाचोऱ्याकडे तुमच्या घरच्या शेततळ्यात रोहू, कटला, मृगळ सोडले असतील, तर दिवाळीनंतर तळ्यावर चक्कर मारत जा. थंडी पडली की कधी कधी माशांच्या अंगावर लाल चट्टे येतात, खवले गळतात आणि खोल जखमा होतात. या रोगाला ईयूएस म्हणतात. बुरशीसारख्या एका जीवामुळे तो होतो आणि पाणी 18 ते 22 अंशांवर उतरलं की जोर धरतो. भारतात तो 1988 पासून आहे. मृगळ, मरळ लवकर सापडतात. सायप्रिनस आणि तिलापिया तग धरतात.

पण प्रत्येक लाल डाग ईयूएसचा नसतो. आर्ग्युलस म्हणजे माशाची ऊ चावली तरी तसाच डाग पडतो. नीट पाहिलं तर ती चपटी ऊ डोळ्यांनीच दिसते. तिच्यावरचा एक देशी उपाय मला जाम आवडतो: तळ्यात बांबू रोवायचे, ऊ त्यावर अंडी घालते, मग बांबू काढून उन्हात वाळवायचे. ईयूएसवर याचा काहीच उपयोग नाही. त्यावर भुवनेश्वरच्या सिफा संस्थेने सिफॅक्स हे औषध बनवलं आहे. म्हणून आधी रोग ओळखणं महत्त्वाचं. अंदाजाने औषध ओतलं तर पैसेही जातात आणि मासेही.

इथे फोन कामाला येतो. 28 जून 2023 ला केंद्र सरकारने 'रिपोर्ट फिश डिसीज' हे अ‍ॅप आणलं. ते लखनऊच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने बनवलंय. त्यातून तुमची तक्रार जिल्ह्याच्या मत्स्य अधिकाऱ्यांपर्यंत आणि शास्त्रज्ञांपर्यंत जाते.

लोकेशनची परवानगी मागितली तर इथे खुशाल द्या. एका तळ्याची तक्रार म्हणजे नकाशावर एक ठिपका. पण एकाच कालव्यावर पाच ठिपके दिसले, तर रोग पाण्यातून पसरतोय हा संशय लगेच येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की त्यातलं लोकेशन निघून जातं आणि फोटोही दाबला जातो.

फोटो दिवसाउजेडी, फ्लॅश बंद ठेवून काढा. मासा ओल्या हाताने धरा, शेजारी एक रुपयाचं नाणं ठेवा. एक फोटो पूर्ण माशाचा, एक जखमेचा जवळून.

फोटोवरून ईयूएस पक्का ठरत नाही, त्यासाठी नमुना प्रयोगशाळेत तपासावा लागतो. तोवर तळ्यातलं पाणी कालव्यात सोडू नका, आणि तिथलं जाळं शेजारच्या काकांना उसनं देऊ नका.