अर्थ मेगर

खांद्याला अडकविण्याचा पट्टा, बाजूस घडीची मूठ आणि काचेखाली ओहमांची तबकडी असलेली जी वजनदार पेटी वीज-उपकेंद्रांच्या आवारात वायरमनबरोबर हिंडत असे, आणि आकडे दाखविणारी नवी यंत्रे आल्यावरही जी काही कपाटांत अद्याप शाबूत आहे, तिचे काम एवढेच की, जमिनीत पुरलेला अर्थिंगचा खड्डा प्रसंग पडल्यास चुकार प्रवाहाला खरोखर वाट देईल किंवा नाही याची खातरजमा करणे. परंतु मातीचा रोध किती, या प्रश्नास तिच्यात पाणी किती आणि विचारणाऱ्या प्रवाहाची कंप्रता किती हे सांगितल्यावाचून उत्तरच नाही.

मातीचा विशिष्ट रोध मोजण्याची प्रसिद्ध युक्ती 1915 साली अमेरिकेच्या ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधील फ्रँक वेनर यांनी मांडली. चार लोखंडी खुंट्या एका रेषेत, सारख्या अंतरावर, वीतभर ठोकायच्या. बाहेरच्या दोहोंतून प्रवाह सोडून आतल्या दोहोंमधील दाब मोजायचा, आणि भागाकाराने आलेल्या रोधास त्या अंतराने व 2π ने गुणायचे. आतल्या खुंट्यांतून प्रवाह जवळजवळ जातच नसल्यामुळे त्यांच्याशी माती घट्ट बसली की सैल, ही पंचाईत हिशेबात शिरत नाही.

मूठ फिरविली की आतले जनित्र एकदिश प्रवाह देते, पण मातीत शिरण्यापूर्वी एक फिरता दिक्परिवर्तक त्याची दिशा सारखी उलटवीत राहतो. कारण एकाच दिशेने प्रवाह वाहू दिला तर खुंट्यांपाशी विद्युत-विघटन होऊन उलट दाब साचतो व वाचन खोटे ठरते. काटा थरथरू लागला तर जाणता वायरमन मुठीचा वेग थोडा कमीजास्त करतो, आणि जमिनीत भटकणाऱ्या 50 हर्ट्झच्या प्रवाहाशी जुळत आलेली पेटीची कंप्रता त्यातून सुटते. हल्लीची पुष्कळ यंत्रे याच धोरणाने 128 हर्ट्झसारखा आडवळणाचा आकडा पत्करतात.

मातीचे खनिज कण स्वतः जवळजवळ दुर्वाहकच. प्रवाह जातो तो कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरांतून, त्यात विरघळलेल्या क्षारांच्या आधारे. ओलावा सुमारे 20 टक्क्यांच्या वर असेतोपर्यंत रोध फारसा हलत नाही, त्याखाली मात्र तो एकाएकी चढतो. दख्खनची काळी माती श्रावणात उत्तम वाहक, पण वैशाखात तिला भेगा पडल्या की तीच सळईची संगत सोडते. म्हणून खड्ड्यात कोळसा व मीठ भरण्याची आणि उन्हाळ्यात पाणी घालण्याची वहिवाट, जरी ते मीठ पावसात वाहून जाते आणि जाता जाता लोखंडही खाते. तपासणीच्या आदल्या सायंकाळी दोन बादल्या ओतून दाखल्यावरचा आकडा गोड करून घेण्याची चाल मात्र मला कधीच मानवली नाही; तो दाखला बादल्यांचा असतो, जमिनीचा नव्हे.

कंप्रतेचा प्रकार याहून नाजूक. इंग्लंडातील स्मिथ-रोझ यांनी 1933 साली प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत, रेडिओच्या कंप्रतांकडे जावे तसतशी मातीची वाहकता वाढते आणि विद्युत अपारक स्थिरांक, म्हणजे विद्युतभार साठविण्याच्या तिच्या शक्तीचे माप, उतरतो, असे दिसले. कंप्रता मंद असता आयनांना कणांच्या सीमांपर्यंत सरकून तेथे साचण्यास सवड मिळते, त्यामुळे ओली माती अवास्तव साठवण दाखविते. दिशा झपाट्याने पालटू लागली की ती सवड राहत नाही. आकाशातील विजेच्या लोळात अशा उच्च कंप्रता भरपूर असल्याने, 128 हर्ट्झवर काढलेला आकडा त्या क्षणी खड्डा कसा वागेल याची हमी देत नाही. तेथे तर जोडतारेची लांबीही आडवी येते.

उलट, कंप्रता शेकडो मेगाहर्ट्झांच्या घरात नेली की पाणी एकटेच ठळक होते: पाण्याचा स्थिरांक 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5. कॅनडातील टॉप, डेव्हिस आणि अॅनन यांनी 1980 साली या आधारावर निरनिराळ्या मातींना लागू पडणारे एकच समीकरण दिले, आणि 2015 साली सोडलेला स्मॅप उपग्रह 1.4 गिगाहर्ट्झच्या सुमारास जमिनीच्या वरच्या पाचेक सेंटीमीटरांतील ओलावा अजमावतो. काळ्या मातीपुढे मात्र त्या समीकरणाची गाडी अडते; तिच्या चिकणकणांना घट्ट बिलगलेले पाणी मोकळ्या पाण्याप्रमाणे क्षेत्रासरशी वळू शकत नाही, म्हणून हिशेबात ओलावा प्रत्यक्षाहून कमी भरतो आणि तिच्यासाठी निराळे कोष्टक बांधावे लागते.