११२ लावल्यावर पुढं काय होतं? बाभुळगाव, पोलीस आणि आपला फोन

कानात हेडफोन घालून ऐकायला वेळ नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बऱ्यापैकी ठेवलंय.

आजचा विषय आहे पोलीस आणि गाव. विषय ऐकूनच काही पोट्टे म्हणतील, "काऊन बाप्पा, आता हा उपदेश करणार!" नाही करत. मी फक्त एवढंच सांगणार आहे की पोलिसांच्या कार्यक्रमात जे नंबर आपल्याला पत्रकावर छापून मिळतात, ते फिरवल्यावर पडद्यामागं नेमकं काय घडतं. ते कळलं की तो नंबर कधी लावायचा आणि लावल्यावर काय बोलायचं, हे आपोआप कळतं.

आपल्याकडं पोलीस लोकांपर्यंत येतात ते ठरलेल्या वेळी. गणपती-दुर्गोत्सवाच्या आधी शांतता समितीची बैठक होते. शाळेत कधी साहेब येऊन बोलतात. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पोलीस रेझिंग डे असतो. २ जानेवारी १९६१ ला पंडित नेहरूंनी महाराष्ट्र पोलिसांना ध्वज दिला, त्याची ती आठवण. त्या आठवड्यात पोरांना ठाणं दाखवतात, बंदुका दाखवतात. पोरं खूश होतात, फोटो निघतात. मला विचाराल तर हे चांगलंच आहे, ठाण्याची भीती कमी होते. पण रात्री अकराला शेतातल्या घरासमोर काही घडलं, तर तो फोटो कामाला येत नाही. तेव्हा कामाला येते माहिती.

आधी आपला नकाशा

बाभुळगाव म्हणजे यवतमाळहून धामणगावकडं जाताना लागणारं तालुक्याचं गाव. बाजूला बेंबळा धरणाचं पाणी, बाकी सगळीकडं कापूस, तूर, सोयाबीन. गावं विखुरलेली, आणि पावसाळ्यात पांदण रस्त्यांची गत आपल्याला माहीतच आहे. ठाण्यातून गाडी लगेच निघाली तरी टोकाच्या गावात पोहोचायला वेळ लागणारच. त्यात कोणाचा आळस नाही, ते अंतर आहे.

म्हणजे पहिली दहा-पंधरा मिनिटं गावाच्याच हातात असतात. या पूर्ण भागाचा मुद्दा हाच आहे. त्या मिनिटांत गावातून खरी खबर बाहेर गेली तर माणूस वाचतो, पैसा वाचतो. खोटी खबर गावात फिरली तर जीवही जाऊ शकतो. आणि दोन्ही खबरा आज एकाच वस्तूतून जातात, आपल्या खिशातल्या फोनमधून.

११२ : फोन बाभुळगावात वाजत नाही

पूर्वी आपण १०० लावायचो. २०२१ पासून महाराष्ट्रात पोलीस, आग, सगळ्या संकटांसाठी ११२ हा एकच नंबर आहे. बहुतेकांना वाटतं की ११२ लावला की बाभुळगाव ठाण्यातला फोन वाजतो. तसं नाही. राज्याची कॉल घेणारी केंद्रं नवी मुंबई आणि नागपूरला आहेत. तिथं बसलेली व्यक्ती तुमची माहिती टिपते, ती यवतमाळच्या नियंत्रण कक्षाकडं जाते आणि तिथून जवळच्या पोलीस गाडीतल्या स्क्रीनवर.

आता विचार करा. समोरच्या माणसाला आपलं गाव माहीत नाही. आणि "बाभुळगाव" एकच आहे का? अकोल्याजवळ एक बाभुळगाव आहे, नाशिक जिल्ह्यात येवल्याजवळ एक आहे. फोनचं लोकेशन त्यांना मिळतं, पण टॉवरच्या भरवशावर असलेलं लोकेशन खेड्यात थोडं इकडंतिकडं होऊ शकतं. म्हणून घाबरून "लवकर या, लवकर या" म्हणत बसण्यापेक्षा या क्रमानं बोला:

पहिलं, जिल्हा यवतमाळ, तालुका बाभुळगाव, आणि मग आपल्या गावाचं नाव.

दुसरं, काय चाललंय ते एका वाक्यात. मारामारी, अपघात, कोणी घरात घुसलंय, जे असेल ते.

तिसरं, जवळची खूण. शाळा, मंदिर, बसथांबा, कॅनॉल, जिनिंग, जे दिसेल ते.

आणि त्यानंतर फोन मोकळा ठेवा. गाडीवाले पोलीस रस्ता विचारायला परत फोन करतात, आणि तेवढ्यात आपण दहा नातेवाइकांना फोन लावत बसलो तर त्यांना लाईन व्यस्त येते.

अपघात असेल तर १०८ ची ॲम्ब्युलन्स सुद्धा बोलवा. "मदत केली तर पोलिसांच्या लफड्यात अडकू" ही भीती अजून गावागावात आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिच्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिलं आहे. जखमीला दवाखान्यात पोहोचवणाऱ्यावर नाव-पत्ता सांगायची सक्ती करता येत नाही. हे आपल्या बाबांना, काकांना नक्की सांगा, कारण रस्त्यानं जाताना गाडी थांबवायची की नाही हे तेच ठरवतात.

गावातला पहिला पोलीस : पोलीस पाटील

नवीन पिढीतल्या बऱ्याच जणांना आपल्या गावाचे पोलीस पाटील कोण, हे सांगता येत नाही. पूर्वी पाटीलकी घराण्यात चालायची. ती वंशपरंपरा संपली आणि १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्यानं आजचा पोलीस पाटील आला. उपविभागीय अधिकारी नेमणूक करतात, आणि आता अनेक गावांत बायाही पोलीस पाटील आहेत. २०२४ मध्ये सरकारनं त्यांचं मानधन महिना ६,५०० वरून १५,००० रुपये करायचा निर्णय घेतला.

त्यांचं काम काय? गावात काही बिनसतंय, कोणी अनोळखी येऊन राहिलंय, दोन घरांत धुऱ्याचं भांडण पेटतंय, बेवारस प्रेत सापडलंय, याची खबर ठाण्यापर्यंत नेणं. ठाण्यातले साहेब बदली होऊन जातात, पोलीस पाटील गावातच राहतो. कोणत्या घराचं कोणाशी काय आहे, हे त्याला फाईल न उघडता माहीत असतं.

भांडण कोर्टात जाण्याआधी गावातच मिटावं म्हणून आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावाच्या वेशीवर "तंटामुक्त गाव" असा फलक अजून कुठंकुठं दिसतो, तो त्याच मोहिमेचा. एक लक्षात ठेवा. धुऱ्याचा वाद, गुराढोरांनी पीक खाल्लं, हे समितीत मिटवता येतं. बाईवर किंवा लेकरावर अत्याचार झाला असेल तर ते गावात बसून "मिटवायचं" प्रकरण नाही. तिथं सरळ ठाणं, ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८. बालविवाह ठरल्याचं कळलं तरी १०९८ चालतो.

१९३० : इथं मिनिटं मोजतात

आता पैशाकडं येऊ. समजा कापसाचा चुकारा बाबांच्या खात्यात आला. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर एक फाईल येते, नाव "पीएम किसान" किंवा "आरटीओ चलान", शेवटी एपीके. बाबा दाबतात, फाईल फोनमध्ये बसते, मेसेज वाचायची परवानगी घेते, आणि ओटीपी आपला आपणच चोराकडं जातो. कोणी काही विचारलं नाही, कोणी काही सांगितलं नाही, तरी खातं रिकामं.

आपली पहिली प्रतिक्रिया काय असते? लाज. "घरी सांगू नको." मग रात्र जाते, सकाळी बँक, तिथं रांग, दुपारी ठाणं. तोवर पैसे पाच खाती फिरून एटीएममधून निघालेले असतात.

१९३० हा नंबर नेमका याच्यासाठी आहे. तुम्ही फोन करून खाते, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा नंबर सांगितला की ती तक्रार संबंधित बँकेला थेट दिसते. पैसे त्या खात्यात अजून असतील तर तिथंच अडवले जातात. पुढं गेले असतील तर तक्रार पुढच्या बँकेच्या मागं जाते. म्हणजे ही शर्यत आहे, चोर पैसे हलवतोय आणि तुमची तक्रार त्याच्या मागं धावतेय. तुम्ही जेवढे आधी सुटाल तेवढी जिंकायची शक्यता जास्त. पैसे परत मिळतीलच अशी हमी नाही, पण उशीर झाला तर हाती काही लागणं अवघड.

बँकेलाही लगेच कळवा, याला एक पक्कं कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार आपल्या चुकीनं ओटीपी गेला तरी, बँकेला कळवल्यानंतर जे पैसे जातील त्याचा बोजा बँकेवर. म्हणून कळवल्याची वेळ आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा.

"डिजिटल अरेस्ट" बद्दल एकच वाक्य: असला प्रकार कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दी घालून "खोलीतून हलू नका, पैसे पाठवा" म्हणणारा पोलीस नसतो. फोन ठेवा.

आणि हे खास आपल्या वयाच्या पोरांसाठी. "तुझं खातं फक्त दोन महिने वापरायला दे, दहा हजार देतो," असं कोणी म्हटलं तर समजून घ्या की फसवणुकीचे पैसे फिरवायला त्याला तुमचं खातं पाहिजे. उद्या तपास सुरू झाला की पहिलं नाव खातेदाराचं येतं. दहा हजारांत पोलीस भरतीचं, नोकरीचं स्वप्न विकू नका. सिमकार्डाचंही तेच.

फॉरवर्डनं गेलेले पाच जीव

आता दुसरी बाजू. १ जुलै २०१८, रविवार, आठवडी बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. त्या दिवसांत "मुलं पळवणारी टोळी फिरतेय" असे मेसेज व्हॉट्सॲपवर सगळीकडं फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, मूळची सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत तिथं आली होती. जमावानं त्यांना मुलं पळवणारे ठरवलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारलं. पाचही निरपराध होते.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच चॅटला फॉरवर्ड करायची मर्यादा घातली. आपण आज वैतागतो ना, "पाचच्या वर का जात नाही बे"? त्याच्यामागं राईनपाड्यासारख्या घटना आहेत.

हे आपल्यापासून दूर नाही. कापूस वेचायला आपल्याकडं बाहेरून मजूर येतात. बहुरूपी, नाथजोगी, भांडी विकणारे, जडीबुटीवाले दरवर्षी येतात. त्यांची भाषा वेगळी, कपडे वेगळे. ग्रुपवर एक मेसेज पडला की संशय कोणावर जाणार, हे सांगायला नको.

मग अनोळखी माणूस दिसला तर काहीच करायचं नाही का? करायचं ना. पोलीस पाटलांना सांगा, ठाण्याला किंवा ११२ ला कळवा. गर्दी जमवू नका, फोटो टाकून "हाच तो" लिहू नका, हात लावू नका. आणि ग्रुपवर असा मेसेज आला तर तीन गोष्टी बघा: तारीख आहे का, गावाचं नाव आहे का, कोणत्या ठाण्यात गुन्हा दाखल आहे ते आहे का. तिन्ही नसतील तर तिथंच थांबवा. अफवा पसरवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली गुन्हा ठरू शकतो, आणि "मी फक्त पुढं पाठवला" हे उत्तर तिथं पुरत नाही.

ठाण्यात गेलो तर

शेवटी आपले हक्क, थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्याच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते, "हद्द आमची नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाईन खबर दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाण्यानं नोंदच घेतली नाही तर लेखी तक्रार पोलीस अधीक्षक, यवतमाळ यांच्याकडं पाठवता येते. बाईला किंवा साठ वर्षांवरच्या माणसाला साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायची सक्ती नाही, पोलिसांनी घरी यायचं.

फोन हरवला तर ठाण्यात नोंद करा आणि संचार साथी पोर्टलवर तो ब्लॉक करा. त्यासाठी आयएमईआय नंबर लागतो. आत्ताच *#०६# दाबा, येणारा नंबर वहीत लिहा. फोनमध्ये नाही, वहीत!

पोलिसांचा पुढचा कार्यक्रम तुमच्या शाळेत, कॉलेजात झाला तर फक्त टाळ्या वाजवून येऊ नका. उभं राहून विचारा: आमच्या गावाचे बीट अंमलदार कोण? ठाण्याचा थेट नंबर काय? रात्रीची गस्त कुठून कुठं असते? प्रश्न विचारले गेले की कार्यक्रम दोन्हीकडून होतो. पोलिसांनाही गाव कळतं, आपल्यालाही पोलीस कळतात.

तोवर आज झोपायच्या आधी घरातल्या मोठ्यांच्या फोनमध्ये ११२, १९३० आणि पोलीस पाटलांचा नंबर नावासकट सेव्ह करून द्या, आणि एकदा बोलून दाखवा की फोनवर काय सांगायचं. भेटू पुढच्या भागात. जपून राहा!