जुन्या व्हॅनला नवे इंजिन

शिक्षक-प्रशिक्षणासाठी जपानला निघाले, तेव्हा घरच्या प्रत्येकाने काही ना काही आणायला सांगितले. वहिनीला भाजी चिरायची सुरी हवी होती, भाच्याला पेन्सिली. दादाने मात्र एक चिठ्ठी हातात ठेवली. तिच्यावर एकच ओळ होती : "सुबारूचे इंजिन, दोन लिटरचे, वायरिंगसकट." मला वाटले, थट्टा करतो आहे. पण दादा थट्टा करीत नव्हता.

आमच्या घरी बाबांनी घेतलेली १९७४ सालची फोक्सवॅगन कोंबी आहे. बाबा गेले, गाडी राहिली. आजही गणपती विसर्जनाला मूर्ती तिच्यातूनच जाते, आणि मूर्तीबरोबर गल्लीतली मुले. पण आता तिला चढ झेपत नाही. धूर सोडते, दुसऱ्या गिअरवर कण्हत चढते. मागून येणारे भोंगे वाजवतात. दादाला ते भोंगे जिव्हारी लागतात.

मी गणिताची शिक्षिका; इंजिनातले मला काय कळणार? पण त्सुकुबाला येऊन पोहोचले आणि लक्षात आले, की या विषयासाठी याहून चांगले गाव सापडले नसते. त्सुकुबा हे संशोधनासाठी वसवलेले शहर. सरकारने १९६३ साली तसा निर्णय घेतला आणि १९८५ साली येथे विज्ञानाचे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. याच परिसरात, याताबे येथे, १९६४ पासून मोटारगाड्यांच्या चाचणीचा लंबवर्तुळाकार वेगवान मार्ग होता. ऑक्टोबर १९६६ मध्ये त्या मार्गावर टोयोटा २००० जीटी ही गाडी ७८ तास जवळजवळ अखंड पळवली गेली आणि तिने ताशी २०६ किलोमीटरच्या सरासरीने विक्रम केले. पुढे टोकियोहून येणारी त्सुकुबा एक्स्प्रेस रेल्वे २००५ साली सुरू झाली. तो मार्ग इथून हलला आणि त्याच्या जागी स्टेशन व वस्ती आली.

एका रविवारी ओळखीच्या एका शिक्षकांनी मला शहराबाहेरच्या एका लहान गॅरेजात नेले. भाताच्या खाचरांच्या कडेला पत्र्याची शेड, आणि आत आमच्या कोंबीची सख्खी बहीण, मागचे दार उघडे टाकून उभी! तिचे इंजिन काढलेले होते आणि शेजारी लाकडी ठोकळ्यांवर दुसरे इंजिन ठेवलेले होते. ते सुबारूचे होते. दादाच्या चिठ्ठीचा अर्थ मला तेथे समजला.

फोक्सवॅगनची ही व्हॅन १९५० साली बाजारात आली. तिचे इंजिन मागे असते आणि ते पाण्याने नव्हे, हवेने थंड होते. चार सिलिंडर दोन्ही बाजूंना आडवे पसरलेले असतात, म्हणून इंजिन बुटके आणि रुंद. आमच्या १६०० सी.सी.च्या इंजिनाची ताकद नवेपणी सुमारे ५० अश्वशक्ती होती. आता योगायोग पाहा. जपानच्या सुबारूनेही १९६६ पासून आडव्या चार सिलिंडरांचीच इंजिने केली, मात्र पाण्याने थंड होणारी. १९८९ साली लेगसी गाडीबरोबर त्यांनी नवे इंजिन आणले. त्याची ताकद आमच्या इंजिनाच्या दुपटीहून जास्त, आणि आकार असा की ते कोंबीच्या पाठीत बसते. ही कंपनी गुन्मा प्रांतातल्या ओता गावची; त्सुकुबाहून पश्चिमेला तोचिगी ओलांडले की गुन्मा. म्हणूनच इंग्लंड-अमेरिकेपासून ऑस्ट्रेलियापर्यंत जुन्या कोंबीत सुबारूचे इंजिन घालणारे कारागीर आहेत.

"बसते" हा शब्द मात्र फसवा आहे. गॅरेजच्या मालकांनी मला एकेक भाग हातात देऊन दाखवला. इंजिन व गिअरबॉक्स यांच्यामध्ये खास कापलेली जाड धातूची चकती लागते. इंजिनाच्या पोटाखालचे तेलाचे भांडे जमिनीला लागेल इतके खाली येते, ते कापून उथळ करावे लागते. पाण्यासाठी रेडिएटर हवा. तो बहुधा पुढे बसवतात, मग गाडीच्या पोटाखालून लांब नळ्या न्याव्या लागतात, आणि त्या नळ्यांत हवेचा बुडबुडा अडकला तर इंजिन तापते. पेट्रोल आता कार्ब्युरेटरमधून न जाता दाबाने फवारले जाते, म्हणून पंप व नळ्या बदलायच्या. शिवाय संगणकाची पेटी आणि तिच्या तारांचे जंजाळ! त्यातल्या कोणत्या तारा ठेवायच्या आणि कोणत्या काढायच्या, हे ओळखण्यातच निम्मे काम जाते. म्हणून दादाने "वायरिंगसकट" असे लिहिले होते.

मी कौतुकाने ऐकत होते. तेवढ्यात मालकांनी विचारले, की तुमच्या गाडीचे ब्रेक कसे आहेत?

वाचक बंधुभगिनींनो, त्या प्रश्नाने माझ्या पोटात गोळा आला. मागच्या वर्षी विसर्जनाहून परतताना उतारावर आमच्या कोंबीचा ब्रेक मऊ पडला होता. दादाने गिअर खाली टाकून, रस्त्याच्या कडेला उसाच्या शेतात गाडी घालून ती थांबवली. कोणाला खरचटलेही नाही. मुलांना तर गंमत वाटली! घरी कोणी तो विषय पुन्हा काढला नाही, मीही नाही. चढाचे भोंगे आम्हांला आठवत राहिले आणि उताराचा ब्रेक आम्ही विसरलो.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. वेग दीडपट झाला, तर गाडीतली ऊर्जा दीडपट होत नाही. दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोनपट होते. ती सगळी ऊर्जा ब्रेकनाच जिरवावी लागते. ताशी ६० किलोमीटर वेगावर गाडी ब्रेक दाबल्यापासून २० मीटरांत थांबत असेल, तर त्याच ब्रेकवर ताशी ९० वेगाने तिला ४५ मीटर लागतील. ब्रेक दाबण्यापूर्वी विचारात जाणारे अंतर वेगळेच. हा हिशेब मी सातवी-आठवीच्या मुलांनाही समजावून सांगू शकेन. स्वतःच्या घरी मात्र मांडला नव्हता.

जपानात याबाबत कायदा कडक आहे. खाजगी मोटारीची पहिली सरकारी तपासणी तीन वर्षांनी आणि नंतर दर दोन वर्षांनी होते. वेगळ्या जातीचे इंजिन घालायचे तर आधी बदलाचे कागद द्यावे लागतात, त्यांत ब्रेक आणि चाकांकडे ताकद नेणारे दांडे पुरेसे आहेत याचे गणित असते, आणि मग गाडी हजर करावी लागते. भारतातही १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या अशा बदलांसाठीच आहे. आपल्या बेटावरही इंजिन विकत घेण्याआधी कचेरीत विचारणे शहाणपणाचे.

इंजिन बदलणे म्हणजे जुन्या गाडीचा अपमान, असे काही लोक मानतात. ते मला पटत नाही. ब्राझीलमध्ये कोंबी २०१३ पर्यंत बनत होती, आणि तेथे खुद्द कारखान्यानेच २००५ च्या अखेरीस हवेचे इंजिन काढून पाण्याचे १.४ लिटरचे इंजिन बसवले. आपल्या पुण्याच्या मॅटाडोरची कथाही अशीच. जर्मनीतल्या टेम्पो कंपनीची पहिली मॅटाडोर १९४९ साली फोक्सवॅगनच्याच इंजिनावर चालत असे. तो पुरवठा थांबला, तेव्हा तिने दुसऱ्यांची इंजिने घेतली. पुढे हे नाव बजाज टेम्पोबरोबर महाराष्ट्रात आले, आणि मॅटाडोरचे डिझेल इंजिन कितीतरी जुन्या जीप व अँबॅसडर गाड्यांत जाऊन बसले. पण कारखाना इंजिन बदलतो तेव्हा बाकीच्या गाडीचीही चाचणी घेतो. घरच्या अंगणात तो भाग गाळला जातो.

मी दादाला फोन केला. इंजिन आणणार नाही, आधी ब्रेक बघ, असे सांगितले. तो रागावला. "तू तिथे जाऊन मला शिकवतेस?" म्हणाला आणि फोन ठेवला. आठ दिवस बोलला नाही. मग वहिनीकडून कळले, की त्याने चारही चाके उतरवली. मागच्या ड्रममध्ये तेल गळत होते, आणि ब्रेकची एक रबरी नळी बोटाने दाबताच तडकली. पेट्रोलच्या नळ्याही तितक्याच जुन्या होत्या. हवेने थंड होणाऱ्या या इंजिनाजवळ अशी नळी फुटली तर गाडी पेट घेते. दादाने त्या सगळ्या बदलल्या. नंतर स्वतःच फोन केला. ब्रेकबद्दल एक शब्द काढला नाही; सुरी घेतलीस का, एवढेच विचारले.

इंजिनासाठी साठवलेले पैसे अजून बँकेत आहेत. जुनेच इंजिन उघडून नवे पिस्टन घालायचे, की खरोखर सुबारूच आणायचे, हे मी परतल्यावर ठरेल. कागद दादा विचारून ठेवील आणि हिशेब मी मांडीन. तोवर कोंबी चढावर धूर सोडीत राहील आणि मागचे भोंगे वाजवतील. वाजवोत बापडे. यंदा मुलांना घेऊन ती उतारावरून सावकाश येईल, आणि थांबायचे तेथे थांबेल.