पुराचे पाणी, मासे आणि आपली मळी

ऊसवाल्याला मासळीशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. देणेघेणे आहे, आणि ते नाल्याच्या पाण्यातून आहे.

घाटाखाली नांदुरा, जळगाव जामोद, मलकापूर या भागातून पूर्णा वाहते व चांगदेवजवळ तापीला मिळते. (घाटावरची खडकपूर्णा निराळी, तिचे पाणी गोदावरीला जाते.) मृग-आर्द्रात नदीला पूर आला की मासे धारेविरुद्ध नाल्यांत आणि काठच्या सखल जागी चढतात. रोहू, मृगळ अशा उथळ नव्या पाण्यात अंडी सोडतात. पिले साधारण एका दिवसात बाहेर पडतात. मरळ तर गवताळ डबक्यात पिलांची राखणही करते. भोई बांधवांची पुढची मासळी या थोड्या दिवसांत ठरते.

नेमके तेव्हाच आपण आडवे येतो. नाल्याच्या तोंडाशी बांध घातला की माशांची वाट बंद. फवारणीचे पंप नाल्यात धुतले की पिले गेलीच. काही बहाद्दर औषध टाकूनच मासे धरतात. 1897 च्या कायद्यापासून तो गुन्हा आहे. रेतीचा उपसा, धरणांनी अडलेला पूर, हे तर आहेच.

पण आपल्या घरचे बोलू. मळीच्या विषाने मासे मरतात असे लोक म्हणतात. खरे म्हणजे ते गुदमरतात. पाण्यात साखर गेली की जंतू ती खातात आणि विरघळलेला प्राणवायू संपवतात. 1 किलो साखरेला सुमारे 1.1 किलो प्राणवायू लागतो. 30 अंशाच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम असतो. म्हणजे किलोभर साखर दीड लाख लिटर पाण्याचा श्वास घेते! मळीत निम्म्याच्या आसपास साखरच असते.

गळीत हंगाम उन्हाळ्याआधी संपला तरी यार्डात सांडलेली मळी तिथेच वाळते आणि पहिल्या पावसात धुऊन नाल्याला लागते, म्हणजे मासे चढायच्या वेळीच. म्हणून टाक्यांची गळती, गटारे व यार्ड यांची सफाई 7 जूनच्या आत व्हावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पहाटे पाण्यातला प्राणवायू सर्वांत कमी असतो. त्या वेळी नाल्यात मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर सभासदांनी त्याच दिवशी शेतकी ऑफिसात कळवावे.